पत्रातील समीक्षक : बर्नार्ड शॉ आणि एलन टेरी यांच्या पत्रव्यवहाराचा अभ्यास

१. प्रास्ताविक

नाट्यसमीक्षा ही स्वरूपतः सार्वजनिक कृती आहे. प्रयोग सर्वांसमक्ष होतो आणि त्यावरील अभिप्रायही सर्वांसाठी छापला जातो. समीक्षकाने नटांपासून आणि निर्मात्यांपासून चार हात दूर राहावे, असा संकेत त्यामुळेच रूढ झाला. प्रत्यक्षात मात्र रंगभूमीचे जग लहान असते. समीक्षक, नट, नाटककार आणि व्यवस्थापक एकाच शहरात वावरतात, एकमेकांना भेटतात आणि एकमेकांना पत्रे लिहितात. छापील परीक्षण आणि खाजगी पत्र ही एकाच लेखणीची दोन रूपे समोरासमोर ठेवली, म्हणजे समीक्षेच्या व्यवहाराविषयी एक महत्त्वाचा प्रश्न उभा राहतो. ज्यांच्या कामाविषयी लिहायचे त्यांच्याशी स्नेह असताना समीक्षकाचे स्वातंत्र्य कितपत टिकते?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार जॉर्ज बर्नार्ड शॉ (१८५६–१९५०) आणि अभिनेत्री एलन टेरी (१८४७–१९२८) यांच्या पत्रव्यवहाराच्या आधारे केला आहे. त्याच्या जोडीला समीक्षक विल्यम आर्चर आणि अभिनेत्री जॅनेट अ‍ॅचर्च यांच्याशी शॉचे जे संबंध होते त्यांचाही संदर्भ घेतला आहे. शॉ-टेरी पत्रव्यवहार मराठी वाचकाला बहुधा एक लेखक व एक नटी यांच्यातील लोभस, काहीसा रोमँटिक संवाद म्हणून ऐकून माहीत असतो. हे त्याचे रूप खरे असले तरी अपुरे आहे. या पत्रांचा ऐन बहराचा काळ आणि शॉच्या नाट्यसमीक्षेचा काळ जवळजवळ एकच आहे. त्यामुळे ही पत्रे एका कार्यरत समीक्षकाचा अंतर्गत दस्तऐवज म्हणून वाचता येतात आणि तशीच ती वाचली पाहिजेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

२. पार्श्वभूमी : लायसियम थिएटर आणि सॅटर्डे रिव्ह्यू

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या रंगभूमीवर हेन्री आयर्व्हिंगचे वर्चस्व होते. १८७८ मध्ये त्याने लायसियम थिएटरची सूत्रे हाती घेतली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस 'हॅम्लेट'मध्ये ओफीलियाच्या भूमिकेत एलन टेरी त्याच्या रंगमंचावर आली. पुढील सुमारे दोन दशके ही जोडी इंग्रजी रंगभूमीची प्रतिष्ठा मानली गेली. १८९५ मध्ये आयर्व्हिंगला 'सर' हा किताब मिळाला. हा मान मिळवणारा तो पहिला नट होय. भव्य नेपथ्य, काळजीपूर्वक केलेली प्रकाशयोजना आणि शेक्सपिअरच्या संहितांची सोयीस्कर काटछाट ही लायसियमची वैशिष्ट्ये होती.

एलन टेरी लहानपणापासून रंगभूमीवर होती. १८५६ मध्ये नऊ वर्षांची असताना तिने 'द विंटर्स टेल'मध्ये बालभूमिका केली. त्याच वर्षी काही महिन्यांनी डब्लिन येथे शॉचा जन्म झाला. वयातील हे अंतर दोघांच्या पत्रांत अधूनमधून थट्टेचा विषय होते.

शॉ हा आधी संगीतसमीक्षक होता. 'द स्टार' या वृत्तपत्रात टोपणनावाने आणि नंतर १८९० ते १८९४ या काळात 'द वर्ल्ड' या साप्ताहिकात त्याने संगीतावर लिहिले. जानेवारी १८९५ मध्ये फ्रँक हॅरिस संपादक असलेल्या 'सॅटर्डे रिव्ह्यू'चा तो नाट्यसमीक्षक झाला आणि मे १८९८ पर्यंत 'जी. बी. एस.' या आद्याक्षरांनी दर आठवड्याला लिहीत राहिला. इब्सेनच्या नव्या नाटकाचा पुरस्कार करणारे 'द क्विंटएसेन्स ऑफ इब्सेनिझम' हे पुस्तक त्याने १८९१ मध्येच प्रसिद्ध केले होते. आयर्व्हिंगवर त्याचा मुख्य आक्षेप असा होता की, हा थोर नट जुन्या मेलोड्रामात आणि छाटलेल्या शेक्सपिअरमध्ये रमून नव्या नाटकाकडे पाठ फिरवतो आणि आपल्याबरोबर एलन टेरीची प्रतिभाही वाया घालवतो.

येथे एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. शॉ या काळात केवळ समीक्षक नव्हता. तो नाटके लिहीत होता आणि ती रंगभूमीवर यावीत म्हणून धडपडत होता. ज्या नाट्यगृहावर तो दर आठवड्याला टीका करी, त्याच नाट्यगृहात आपले नाटक व्हावे अशी त्याची इच्छा होती. हा हितसंबंध लक्षात घेतल्याशिवाय पत्रांचा अर्थ नीट लागत नाही.

३. पत्रव्यवहाराचा आरंभ आणि स्वरूप

या पत्रव्यवहाराची सुरुवात १८९२ मध्ये एका व्यावहारिक कारणाने झाली. एलन टेरीला आपल्या परिचयातील एका तरुण गायिकेविषयी तज्ज्ञाचे मत हवे होते. तिने 'द वर्ल्ड'चे संपादक एडमंड येट्स यांना लिहिले आणि ते पत्र संगीतसमीक्षक शॉकडे आले. शॉने त्या गायिकेविषयी भिडभाड न ठेवता मत कळवले. पहिल्याच पत्रात समीक्षक मर्जी राखण्यासाठी स्तुती करीत नाही, हे टेरीला कळले आणि तिचा विश्वास तेथेच बसला असावा. मध्यंतरी खंड पडून १८९५ पासून पत्रे पुन्हा सुरू झाली आणि पुढील पाच वर्षे ती वेगाने येत-जात राहिली.

लंडनमध्ये त्या काळी दिवसातून अनेक वेळा टपाल वाटले जाई. सकाळी धाडलेल्या पत्राला त्याच दिवशी उत्तर येणे शक्य होते. या पत्रांना जो संभाषणाचा ओघ आहे, त्याचे एक कारण ही टपालव्यवस्था होय. शॉची पत्रे लांब, युक्तिवादाने भरलेली आणि विनोदी आहेत. टेरीची पत्रे तुलनेने त्रोटक आहेत. अधोरेखिते, तुटक वाक्ये आणि एका विषयावरून दुसऱ्यावर झेप घेण्याची सवय त्यांत दिसते. तिचे औपचारिक शिक्षण जवळजवळ झालेले नव्हते, पण माणूस व प्रसंग ओळखण्याची तिची नजर शॉपेक्षा उणी नव्हती.

एका शहरात राहून, एकमेकांना रंगमंचावरून व प्रेक्षागृहातून पाहूनही ही दोघे अनेक वर्षे प्रत्यक्ष भेटली नाहीत. पडद्याच्या छिद्रातून प्रेक्षागृहातील शॉला पाहिल्याचे टेरीने लिहिले आहे. दोघांची खरीखुरी भेट झाली ती डिसेंबर १९०० मध्ये, शॉच्या 'कॅप्टन ब्रासबाउंड्स कन्व्हर्जन' या नाटकाच्या प्रयोगप्रसंगी. हे न भेटणे अपघाती नव्हते. भेटीत स्नेहाची भीड निर्माण होते. पत्रात ती काबूत ठेवता येते, कारण लिहिणाऱ्याला वाक्य तोलून पाहण्यास वेळ मिळतो आणि वाचणाऱ्याला चेहरा सांभाळावा लागत नाही. समीक्षक व नटी यांच्यात जे अंतर असावे अशी अपेक्षा असते, ते या दोघांनी अशा प्रकारे कागदावर जपले.

४. 'सिम्बेलीन'ची तालीम : टपालातून

या पत्रव्यवहारातील समीक्षेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग १८९६ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधील आहे. लायसियममध्ये शेक्सपिअरच्या 'सिम्बेलीन'ची तयारी चालू होती. टेरी इमोजेनची व आयर्व्हिंग इयाकिमोची भूमिका करणार होता. टेरीला इमोजेन सापडत नव्हती आणि तिने ते शॉला कळवले. उत्तरादाखल शॉने संहितेचे बारीक विवेचन करणारी पत्रे पाठवली.

शॉचे म्हणणे थोडक्यात असे होते. या नाटकात दोन इमोजेन आहेत. एक जिवंत स्त्री असून तिला राग येतो, घाई होते आणि चूक करण्याचीही मुभा आहे. दुसरी पातिव्रत्याचा नमुना म्हणून रचलेली बाहुली आहे. नटीने पहिलीला धरून राहावे आणि दुसरीची वाक्ये शक्य तेवढी गाळावीत. लायसियमच्या प्रतीतील काही काटछाट मात्र नेमकी उलटी झाली होती आणि शॉने त्यावर आक्षेप घेतला.

विशेष चर्चा झाली ती गुहेजवळच्या प्रसंगाची. पुरुषवेषातील इमोजेन गुंगीच्या औषधाने निपचित पडलेली असते. तिच्या शेजारी क्लॉटनचे शिर नसलेले प्रेत ठेवले जाते आणि त्याच्या अंगावर तिच्या पतीचे कपडे असतात. जाग आल्यावर ती त्या प्रेताला आपला पती समजते. हा प्रसंग रंगमंचावर कसा करावा? नटीला पुढचे सारे ठाऊक असते, इमोजेनला मात्र काहीच ठाऊक नसते. म्हणून आधी झोपेतील प्रवासाची गुंगी, मग फुलांचा स्पर्श, मग रक्ताची जाणीव आणि शेवटी ओळख, अशा पायऱ्यांनी प्रेक्षक तिच्याबरोबर चालला पाहिजे, हा या चर्चेचा गाभा होता. येथे समीक्षक निवाडा देत नाही. प्रसंगाचा उलगडा करण्यात तो नटीला मदत करतो. दिग्दर्शक हा स्वतंत्र पेशा इंग्रजी रंगभूमीवर अद्याप पुरता रुजलेला नसताना शॉ पत्रातून दिग्दर्शकाचे काम करीत होता, असे म्हणता येईल.

टेरी या चर्चेत केवळ शिष्या नव्हती. काही सूचना तिने घेतल्या, काहींच्या बाबतीत आपण तेच करीत असल्याचे सांगितले, तर काही बाजूला ठेवल्या. पुढे तिने शेक्सपिअरवर जी व्याख्याने दिली आणि जी तिच्या मृत्यूनंतर १९३२ मध्ये पुस्तकरूपाने आली, त्यांवरून तिच्या स्वतंत्र संहितावाचनाची कल्पना येते. केंट परगण्यातील स्मॉलहाइथ येथे तिचे घर आज संग्रहालय म्हणून जतन केलेले आहे. तेथील ग्रंथसंग्रहात तिने टिपणे केलेल्या नाट्यप्रती आहेत.

२२ सप्टेंबर १८९६ रोजी प्रयोग झाला आणि २६ सप्टेंबरच्या अंकात शॉचे परीक्षण आले. शेक्सपिअरवर त्याने इतकी कडवट टीका केली की ते परीक्षण आजही त्याच्या सर्वांत वादग्रस्त लेखांत गणले जाते. आयर्व्हिंगच्या काटछाटीचा समाचार घेतानाच त्याच्या इयाकिमोची मात्र त्याने मनापासून प्रशंसा केली. एलन टेरीविषयी त्याने एक विलक्षण कबुली दिली. ही अभिनेत्री आपल्याला एवढी मोहवते की तिच्याबाबतीत स्वतःच्या निर्णयशक्तीवर आपला काडीचाही भरवसा नाही, अशा आशयाचे विधान त्याने केले.

छापील परीक्षण एवढेच वाचणाऱ्याला ही कबुली एक नटवी स्तुती वाटते. पत्रे वाचलेल्याला तिचा वेगळा अर्थ लागतो. ज्या इमोजेनच्या घडणीत आपला हात होता तिच्यावर निवाडा देण्याचा प्रसंग समीक्षकावर आला होता. त्याने निःपक्षपातीपणाचा आव आणला नाही, आपला कल वाचकाला सांगितला. तथापि त्याने सर्व काही सांगितले असेही नाही. पत्रांतून झालेली तालीम 'सॅटर्डे रिव्ह्यू'च्या वाचकाला माहीत असण्याचे कारण नव्हते. ही अर्धी कबुली आणि अर्धे मौन म्हणजेच या विषयातील खरी अडचण होय. शॉच्या प्रामाणिकपणाचे कौतुक करताना अभ्यासकाने हे मौनही नोंदवले पाहिजे.

५. नाटकाचा व्यवहार आणि परीक्षणाची किंमत

याच सुमारास आणखी एक व्यवहार चालू होता. नेपोलियनवरील 'द मॅन ऑफ डेस्टिनी' ही एकांकिका शॉने १८९५ मध्ये लिहिली. त्यातील अनामिक स्त्रीची भूमिका टेरीने करावी अशी त्याची इच्छा होती. टेरीला ती आवडली आणि तिने आयर्व्हिंगकडे शब्द टाकला. आयर्व्हिंगने नाटक करण्याची तयारी दाखवली, पण प्रयोगाची तारीख निश्चित होईना. समीक्षकांची नाटके वा भाषांतरे स्वीकारून ठेवायची आणि त्यांना उपकृत करायचे, ही बड्या नाट्यगृहांची एक रीतच आहे, असा शॉचा समज होता. त्यामुळे नाटक नुसते राखून ठेवण्यास तो राजी नव्हता. प्रयोग ठरलेल्या मुदतीत व्हावा असा त्याचा आग्रह होता.

१९ डिसेंबर १८९६ रोजी लायसियममध्ये 'रिचर्ड तिसरा' रंगमंचावर आले. त्याच रात्री प्रयोगानंतर आयर्व्हिंगच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि खेळ काही आठवडे थांबवावे लागले. टेरी त्या वेळी प्रकृतीच्या कारणाने परदेशी होती. शॉचे परीक्षण २६ डिसेंबरला प्रसिद्ध झाले. आयर्व्हिंग त्या रात्री अस्थिर होता, त्याची वाक्ये चुकत होती, असे शॉने लिहिले. आयर्व्हिंगच्या गोटात याचा अर्थ असा लावला गेला की, नट मद्याच्या अमलाखाली होता असे समीक्षक सूचित करीत आहे. आपला तसा हेतू नव्हता, असे शॉने नंतर निक्षून सांगितले. पण जे व्हायचे ते झाले होते. १८९७ च्या वसंतात आयर्व्हिंगने नाटक परत केले. लायसियमने त्याच सुमारास 'मादाम साँ-जेन' हे नेपोलियनचे पात्र असलेले दुसरे नाटक केले. 'द मॅन ऑफ डेस्टिनी'चा पहिला प्रयोग जुलै १८९७ मध्ये लंडनबाहेर क्रॉयडन येथे झाला, आयर्व्हिंग व टेरी यांच्याविना.

या प्रकरणात सर्वांत अवघड स्थिती टेरीची होती. एकीकडे तिचा रोजचा सहकारी व मालक होता, तर दुसरीकडे पत्रमित्र होता. दोघांच्या भांडणात तिचा दोष नव्हता, तरी नुकसान तिचे झाले, कारण नव्या पद्धतीच्या नाटकात लायसियमच्या रंगमंचावर उभे राहण्याची तिची संधी गेली. तिने दोघांनाही शांत करण्याचा प्रयत्न केला, पण परीक्षण मवाळ करावे असा सौदा तिने कधी केला नाही. शॉनेही आपले नाटक लायसियमकडे असताना आयर्व्हिंगच्या प्रयोगाविषयी जे दिसले ते लिहिले. यात त्याचे धैर्य आहे. त्याचबरोबर नट दुखावला जाईल हे न ओळखण्याची बेफिकिरीही आहे. पत्रे समोर असल्यामुळे दोन्ही गोष्टी एकदम दिसतात.

शॉने आपल्या नाट्यपरीक्षणांच्या संग्रहाला जोडलेल्या निवेदनात पुढे स्पष्टच म्हटले की, हे लेखन म्हणजे निःपक्षपाती निवाडे नव्हेत. ज्याला लेखणीच्या बळावर रंगभूमीत शिरकाव करून घ्यायचा होता अशा नाटककाराने जुन्या रंगभूमीला घातलेला तो वेढा होता. समीक्षक म्हणून त्याची ही स्वतःविषयीची साक्ष पत्रांतील पुराव्याशी पूर्ण जुळते.

६. इतर स्नेही : आर्चर आणि अ‍ॅचर्च

समीक्षक आणि मित्र या दोन भूमिकांचा ताण शॉने दुसऱ्या बाजूनेही अनुभवला होता. विल्यम आर्चर हा 'द वर्ल्ड'चा नाट्यसमीक्षक, इब्सेनचा भाषांतरकार आणि शॉचा जिवलग मित्र. ब्रिटिश म्यूझियमच्या वाचनालयात मार्क्सचे 'कॅपिटल' फ्रेंच भाषांतरातून आणि वाग्नरच्या 'ट्रिस्टान'ची संगीतप्रत आलटून पालटून वाचणारा तरुण म्हणून आर्चरने शॉला प्रथम पाहिले. शॉला समीक्षकाची पहिली कामे मिळवून देण्यात आर्चरचाच पुढाकार होता. दोघांनी मिळून एक नाटक लिहायला घेतले. ते मोडले आणि पुढे शॉने त्यातून 'विडोअर्स हाउसेस' पूर्ण केले. डिसेंबर १८९२ मध्ये त्याचा प्रयोग झाला तेव्हा आर्चरने प्रतिकूल परीक्षण लिहिले. नाट्यलेखन हा आपल्या मित्राचा पिंड नाही, असेच त्याचे मत पडले.

हे मत पुढील इतिहासाने खोटे ठरवले. पण मैत्री तुटली नाही, हे येथे अधिक महत्त्वाचे आहे. दोघे आयुष्यभर एकमेकांशी पत्रांतून व छापील लेखांतून वाद घालत राहिले. डिसेंबर १९२४ मध्ये शस्त्रक्रियेला सामोरे जाण्यापूर्वी आर्चरने शॉला पत्र लिहिले आणि अनेक वर्षांच्या स्नेहाबद्दल कृतज्ञता व्यक्त केली. त्याच महिन्याच्या २७ तारखेला त्याचे निधन झाले.

जॅनेट अ‍ॅचर्च ही १८८९ मध्ये लंडनमध्ये 'अ डॉल्स हाउस'मधील नोरा साकारून गाजलेली अभिनेत्री होती. 'कँडिडा'ची नायिका तिने करावी असे शॉला मनापासून वाटे आणि १८९७ च्या जुलैमध्ये अ‍ॅबर्डीन येथे ती भूमिका तिनेच केली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मँचेस्टरला तिने क्लिओपात्राची भूमिका केली होती. शॉ ती पाहावयास गेला आणि तिच्या उच्चारणावर व आविष्कारावर त्याने कठोर टीका छापली. आपल्या आगामी नायिकेविषयी असे लिहिणे व्यवहाराला धरून नव्हते. मैत्री व हितसंबंध दोन्ही असताना शॉचे परीक्षण त्यांच्या दिशेने हमखास वाकत नसे, हे अ‍ॅचर्चच्या उदाहरणावरून दिसते. टेरीच्या बाबतीत ते किती वाकले, हे मात्र त्यालाही सांगता आले नाही.

विसाव्या शतकात हाच ताण वेगळ्या रीतीने सोडवला गेल्याचे उदाहरण म्हणजे केनेथ टायनन. 'ऑब्झर्व्हर'चा हा तिखट समीक्षक १९६३ मध्ये लॉरेन्स ऑलिव्हिएच्या नेतृत्वाखालील नॅशनल थिएटरचा साहित्यविषयक व्यवस्थापक झाला. या पदासाठी त्याने ऑलिव्हिएला स्वतः पत्र लिहिले होते. शॉप्रमाणेच तोही अखेर प्रेक्षागृहातून रंगमंचामागे गेला. त्याची निवडक पत्रे १९९४ मध्ये ग्रंथरूपाने आली.

७. प्रकाशनाचा वाद

शॉने मे १८९८ मध्ये 'सॅटर्डे रिव्ह्यू' सोडले आणि त्याच्या जागी मॅक्स बिअरबोम आला. पुढच्याच वर्षी शॉने टेरीसाठी 'कॅप्टन ब्रासबाउंड्स कन्व्हर्जन' लिहिले. लेडी सिसिलीची ही भूमिका तिने अखेर १९०६ मध्ये लंडनच्या कोर्ट थिएटरमध्ये केली. तोवर आयर्व्हिंगचे निधन (१९०५) झाले होते आणि लायसियमचे युगही संपले होते.

टेरीच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १९३१ मध्ये, हा पत्रव्यवहार ख्रिस्तोफर सेंट जॉन या लेखिकेच्या संपादनाखाली, शॉच्या दीर्घ प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. टेरीची मुलगी एडिथ क्रेग प्रकाशनाच्या बाजूने होती. मुलगा एडवर्ड गॉर्डन क्रेग हा स्वतः थोर रंगकर्मी, पण त्याला ते मुळीच मान्य नव्हते. त्याने त्याच वर्षी आईवर स्वतंत्र पुस्तक लिहून आपली नाराजी जाहीर केली. खाजगी पत्रे ही खाजगीच राहावीत, शिवाय आयर्व्हिंगची प्रतिमा शॉच्या नजरेतून रंगवली जाऊ नये, अशी त्याची भूमिका होती.

या वादात दोन तत्त्वे गुंतली आहेत. पहिले कायद्याचे. पत्राचा कागद ज्याला ते मिळाले त्याचा असतो, मजकुरावरील स्वामित्वहक्क मात्र लिहिणाऱ्याचा व त्याच्यानंतर त्याच्या वारसांचा असतो. म्हणून पत्रसंग्रह प्रसिद्ध करताना दोन्ही बाजूंची संमती लागते. दुसरे तत्त्व पुराव्याचे. पत्रव्यवहारातील दोघांपैकी एक हयात आहे, कीर्तिमान आहे आणि प्रस्तावना लिहितो आहे. ज्याच्याविषयी दोघे बोलतात तो तिसरा माणूस मृत आहे. आयर्व्हिंगची बाजू या ग्रंथात नाही. लायसियमच्या इतिहासासाठी ही पत्रे वापरताना अभ्यासकाने ही उणीव सतत ध्यानात ठेवली पाहिजे. गॉर्डन क्रेगचा संताप पुत्राचा होता, तरी त्याची तक्रार संशोधनाच्या दृष्टीने निराधार नव्हती.

८. मराठी संदर्भ

शॉ मराठी रंगभूमीला परका नाही. 'पिग्मेलियन'वरून पु. ल. देशपांडे यांनी केलेली 'ती फुलराणी' १९७५ मध्ये रंगमंचावर आली आणि मराठी प्रेक्षकाने ती आपलीच मानली. मूळ नाटकातील लंडनची पहिली नायिका मिसेस पॅट्रिक कॅम्पबेल हिच्याशीही शॉचा मोठा पत्रव्यवहार होता. त्यावर आधारलेल्या 'डिअर लायर' या नाटकाचे दिग्दर्शन सत्यदेव दुबे यांनी केले आणि नसीरुद्दीन शाह व रत्ना पाठक शाह यांनी ते मुंबईच्या रंगमंचावर सादर केले.

समीक्षक व नाटककार या दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीने बजावण्याची परंपराही आपल्याकडे आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) यांचा साहित्यातील प्रवेश नाट्यसमीक्षेने झाला आणि पुढे ते स्वतः संगीत नाटकाचे अग्रगण्य लेखक झाले. राम गणेश गडकरी त्यांना गुरू मानत. अशा नात्यांत शिकवणे, दाद देणे आणि परखड बोलणे हे सारे एकत्र नांदत असते. परीक्षणात त्यातील थोडेच उतरते. उरलेले पत्रांत, संहितेच्या समासात आणि आठवणींत राहते. नाटक मंडळ्यांचे दप्तर, नटांच्या घरातील ट्रंका आणि समीक्षकांच्या कपाटांतील गठ्ठे जेथे हाती लागतील तेथे त्यांची सूची करणे, हे महाविद्यालयीन मराठी विभागांना सहज करता येण्याजोगे संशोधनकार्य आहे. दूरध्वनी व संगणकीय संदेशांच्या काळात अशी कागदपत्रे नव्याने निर्माण होण्याची शक्यता कमी झाल्याने असलेल्यांचे मोल अधिक आहे.

९. समारोप

वरील विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. समीक्षकाचा रंगकर्मींशी स्नेह असणे हे स्वतःहून दूषण ठरत नाही. प्रयोग कसा घडतो याचे शॉला जे अंतरंगज्ञान होते, ते दूर उभे राहिलेल्या समीक्षकाला क्वचितच लाभते आणि इमोजेनविषयीची पत्रे त्याचा उत्तम पुरावा आहेत. मात्र या ज्ञानाची किंमत असते. स्नेहाने निर्णय वाकू शकतो आणि हितसंबंधाने हेतूविषयी संशय निर्माण होतो. शिवाय या दोहोंमध्ये एखादी तिसरी व्यक्ती भरडली जाऊ शकते. शॉ-टेरी-आयर्व्हिंग प्रकरणात हे तिन्ही घडले.

हा ताण नाहीसा करण्याचा उपाय शॉपाशी नव्हता. आपला कल वाचकापुढे मांडणे एवढेच त्याने केले आणि तेही पूर्णपणे नाही. उरलेले पत्रांनी मांडले, पण ते पस्तीस वर्षांनी. म्हणून नाट्यसमीक्षेचा इतिहास शिकवताना परीक्षण, त्याच काळातील पत्रे आणि प्रयोगाची संहिता ही तिन्ही साधने विद्यार्थ्यांपुढे एकत्र ठेवावीत. 'सिम्बेलीन'चा गुहेजवळचा प्रसंग, त्यावरील शॉ-टेरी पत्रे आणि २६ सप्टेंबर १८९६ चे परीक्षण एवढ्या सामग्रीवर पदव्युत्तर वर्गात दोन-तीन तासिकांची चर्चा सहज होऊ शकते. समीक्षकाने काय लिहिले याबरोबरच त्याला काय ठाऊक होते आणि त्याने काय लिहायचे टाळले, हे प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारण्यास शिकावे, हा अशा चर्चेचा हेतू असावा.